छोट्या मोटारीचा एक्सल: दांडा, सांधा आणि रबरी बूट

गिअरबॉक्समधून निघालेली ताकद चाकापर्यंत नेणारा फिरता दांडा म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट. गॅरेजमध्ये त्याला सरसकट एक्सल म्हणतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाडीत असे दोन दांडे असतात, एक डावा आणि एक उजवा. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा असतो आणि प्रत्येक सांध्यावर घड्यांचा रबरी बूट चढवलेला असतो. गाडी दहा-बारा वर्षांची झाली, की स्टिअरिंग पूर्ण वळवून उचल घेताना पुढच्या एका चाकातून कट-कट आवाज येऊ लागतो, आणि मेकॅनिक तो ऐकूनच ‘एक्सल गेला’ असे सांगतो. प्रत्यक्षात दांडा क्वचितच तुटलेला असतो. झिजलेला असतो तो सांधा, आणि त्याच्याही कित्येक महिने आधी बूट फाटलेला असतो. शंभर वर्षांपूर्वी मात्र एक्सल जाणे म्हणजे दांड्याचे दोन तुकडे होणे असाच अर्थ होता. तुटणारा एक्सल झिजणारा कसा झाला, याचे उत्तर काही पोलादात, काही भूमितीत आणि बरेचसे रबरात आहे.

धातूचा दांडा का तुटतो, हा प्रश्न मोटारीच्या आधी रेल्वेला पडला. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेली गाडी म्यूदाँजवळ इंजिनाचा एक्सल तुटल्याने उलटली आणि पेटली. पन्नासहून अधिक माणसे त्यात दगावली. तुटलेला दांडा कधीकाळी पुरेसा मजबूत होता, रोजच्यापेक्षा जास्त भारही त्याच्यावर पडला नव्हता, तरी तो एका क्षणी गेला. पुढच्याच वर्षी स्कॉटिश अभियंता विल्यम रँकिन याने तुटलेल्या एक्सलांचे निरीक्षण मांडले. दांड्याची जाडी जिथे एकदम बदलते त्या खांद्यापाशी भेग सुरू होते आणि फेऱ्यांगणिक आत सरकते, असे त्याचे म्हणणे होते. नंतर प्रशियाच्या रेल्वेत ऑगस्ट वोलर याने एक्सल यंत्रावर लाखो वेळा फिरवून पाहिले. एका झटक्यात जो भार सहज पेलतो, तोच भार पुन्हा पुन्हा पडला की पोलाद थकते, हे त्याच्या प्रयोगांनी पक्के केले. तीक्ष्ण कोपरा, चावीची खाच, गंजाचा खड्डा, यांतल्या कोणत्याही जागी थकव्याची भेग जन्म घेते. रेल्वेचा एक्सल वाकण्याने थकतो आणि मोटारीचा प्रामुख्याने पिळण्याने, एवढा फरक सोडला तर नियम तोच.

सुरुवातीच्या मोटारींत ताकद मागच्या चाकांना साखळीने जात असे. लुई रेनोने १८९८ मध्ये आपल्या छोट्या गाडीत साखळी काढून लांब फिरता दांडा बसवला, आणि मागच्या एक्सलच्या आवरणातच डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच, व दोन अर्धे दांडे ठेवण्याची पद्धत रूढ झाली. हे अर्धे दांडे, म्हणजे हाफ शाफ्ट, मोडत. चढावर क्लच झटक्यात सोडला, चिखलात फसलेले चाक अचानक पकडीत आले, की दांडा डिफरन्शियलजवळ किंवा चाकाच्या हबजवळ तुटे. उपाय धातुशास्त्राने दिला. १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये एक्सलसाठी व्हॅनेडियम मिसळलेले पोलाद वापरले गेले, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत मिश्र पोलाद, उष्णतेची प्रक्रिया व पृष्ठभाग कठीण करण्याचे तंत्र इतके सुधारले, की सामान्य वापरात हाफ शाफ्ट तुटणे दुर्मीळ झाले.

अ‍ॅम्बॅसेडर आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट या दोन्ही गाड्या याच घराण्यातल्या. इंजिन पुढे, चालणारी चाके मागे, मध्ये लांब प्रोपेलर शाफ्ट. यांत कुरकुरणारा भाग असे तो दांड्याच्या टोकाचा क्रॉस, म्हणजे चार बोटांचा युनिव्हर्सल जॉइंट. तो झिजला की गिअर टाकताना गाडीच्या पोटातून ‘टक्’ असा आवाज येई. क्रॉस स्वस्त होता, गाडीखाली शिरून बदलता येत होता, आणि मुंबईतला कोणताही टॅक्सीवाला त्याचे लक्षण ओळखत होता.

हा क्रॉस आला कुठून, ते पाहिले की पुढची सगळी अडचण समजते. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने १६७६ च्या एका पुस्तिकेत तो मांडला होता. त्याच्या डोळ्यासमोर वाहन नव्हते, आकाशनिरीक्षणाची उपकरणे होती. या सांध्याने जोडलेले दोन दांडे एका रेषेत असतील तर दोन्ही सारखे फिरतात. पण मध्ये कोन आला की पहिला दांडा एकसारखा फिरत असूनही दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. गंमत अशी, की सपाट धूपघड्याळावर सावलीची गती जशी कमीजास्त होते, अगदी तोच हिशेब या सांध्याच्या गतीला लागू पडतो, आणि हूकला तेच हवे होते. सावलीच्या कामी आलेला हा गुण मोटारीच्या चाकात दोष ठरला. कोन ५ अंश असेल तर फरक जाणवतही नाही, म्हणून मागच्या एक्सलवर क्रॉस चालून जातो. कोन ४० अंश झाला की चाकाचा वेग सरासरीपेक्षा सुमारे २३ टक्के कमी ते ३० टक्के जास्त असा हेलकावतो. वळणारे पुढचे चाक तर एवढा कोन रोजच घेते.

पुढच्या चाकांनी गाडी ओढायची तर एकाच सांध्याला चाक वळू द्यायचे, खड्ड्यात खालीवर होऊ द्यायचे आणि तरीही ताकद एकसारख्या गतीने पोचवायची, अशी तिन्ही कामे करावी लागतात. फायदे दिसत होते. लांब प्रोपेलर शाफ्ट नको, त्यामुळे गाडीचे पोट सपाट आणि आतली जागा मोठी. अडत होते ते फक्त सांध्याशी. दोन क्रॉस पाठोपाठ योग्य रीतीने जोडले तर एकाची चूक दुसरा भरून काढतो, हे हूकलाही ठाऊक होते. पण चाकाच्या पोकळीत दोन क्रॉस मावणे कठीण, मावले तरी त्यांची किंमत आणि झीज दुप्पट.

१९२० च्या दशकात यावर तीन उत्तरे निघाली. अमेरिकेत कार्ल वाइसने दोन खाचेदार काट्यांमध्ये पोलादी गोळ्या बसवल्या. फ्रान्समध्ये पिएर फनाय आणि जाँ-आल्बेर ग्रेग्वार यांनी ‘ट्रॅक्टा’ सांधा केला. त्यात गोळ्या नव्हत्या, धातूचे भाग एकमेकांवर घासत सरकत. १९२७ मध्ये ग्रेग्वार याच सांध्याची गाडी घेऊन ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरला. तिसरे उत्तर आल्फ्रेड झेपा याचे, १९२६ च्या सुमाराचे, आणि टिकले ते हेच. बाहेर पोलादी कप, आत गोल गाभा, दोघांनाही वक्र खाचा, त्या खाचांमध्ये सहा गोळ्या आणि गोळ्यांना धरून ठेवणारा पिंजरा. दोन दांड्यांमध्ये कितीही कोन झाला तरी सहाही गोळ्या त्या कोनाला बरोबर दुभागणाऱ्या प्रतलात राहतात. म्हणून दोन्ही दांड्यांची गती प्रत्येक क्षणी सारखीच राहते. आज रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या चाकाजवळचा सांधा या जातीचा असतो. त्याचे नाव कॉन्स्टंट व्हेलॉसिटी जॉइंट, बाजारात सीव्ही जॉइंट.

उत्तर सापडले तरी ते स्वस्तात आणि टिकाऊ बनवता येत नव्हते. वक्र खाचा अचूक घासणे आणि कठीण करणे हे त्या काळच्या कारखान्यांना जड जात होते. १९३४ च्या सीत्रोएन ‘ट्रॅक्सियाँ अव्हाँ’ने पुढच्या चाकांच्या गाडीला मोठा बाजार मिळवून दिला, पण घाईने बाजारात आणलेल्या त्या गाडीच्या सांध्यांनी आरंभी बराच त्रास दिला, आणि कंपनी शेवटी दुहेरी क्रॉसच्या दांड्यांकडे वळली. १९४८ च्या सीत्रोएन २सीव्हीने तर काटकसरीपोटी साधा क्रॉस ठेवला. अरुंद वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवले की ती गाडी थरथरे, आणि गिऱ्हाईक ते स्वभावदोषासारखे खपवून घेत असे.

समान गतीचा सांधा मोठ्या संख्येने बनला तो युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस आणि फोर्ड जीपच्या पुढच्या एक्सलमध्ये वाइसचा, झेपाचा, ट्रॅक्टाचा किंवा स्पायसरचा, जो उपलब्ध असेल तो सांधा बसवला जाई. या जीपबरोबर तो भारतातही आला. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे महिंद्रा अँड महिंद्रा या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने १९४७ पासून विलिस जीप जोडायला घेतल्या, म्हणजे मारुती ८०० गाडीच्या आधी छत्तीस वर्षे पुढच्या चाकांना ताकद देणारे एक्सल मुंबईत हाताळले जात होते. जीपच्या सांध्याची राहणी मात्र वेगळी होती. तो ग्रीसने भरलेल्या पोलादी गोलाकार आवरणात बंद असे, आणि पुढची चाके गरज पडेल तेव्हाच जोडली जात. त्यामुळे तो फार झिजत नसे आणि त्याच्याविषयी फारसे बोललेही जात नसे.

छोट्या गाडीत हा सांधा रोजच्या कामाला जुंपला तो ब्रिटनच्या ‘मिनी’ने. १९५६ च्या सुएझ पेचाने पेट्रोल टंचाई आली, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने अलेक इसिगोनिसकडे छोटी गाडी मागितली, आणि २६ ऑगस्ट १९५९ रोजी ती जाहीर झाली. इंजिन आडवे, चाके फक्त १० इंचांची. एवढ्याशा चाकात मावेल आणि हजारोंनी बनवता येईल असा झेपा जातीचा सांधा हार्डी स्पायसर या कारखान्याने दिला. ही कंपनी बर्फील्ड समूहातली होती, म्हणून या सांध्याला बर्फील्डचेही नाव चिकटले. जीपचे पोलादी कवच इथे परवडणारे नव्हते, म्हणून सांध्यावर रबरी बूट आला. माझ्या मते, छोट्या गाडीच्या एक्सलचे आयुष्य ठरवणारा निर्णय हाच. धातूच्या भागाची उमर रबराच्या उमरीशी कायमची बांधली गेली.

मिनीच्या दांड्याच्या आतल्या टोकाला, गिअरबॉक्सजवळ, सुरुवातीला रबराचाच लवचीक जोड होता. इंजिनाचे तेल झिरपून त्यावर पडले की रबर फुगे, सैल होई आणि शेवटी फाटे. आतल्या सांध्याचे काम बाहेरच्यापेक्षा निराळे आहे. त्याला मोठा कोन घ्यावा लागत नाही, पण चाक खालीवर झाले की दांड्याची लांबी कमीजास्त व्हावी लागते, म्हणून त्याने सरकले पाहिजे. फ्रान्सच्या ग्लेंझर स्पायसर कंपनीत तीन रोलरांचा ट्रायपॉड सांधा विकसित झाला. जपानमध्ये १९६६ च्या सुबारू १००० साठी टोयो बेअरिंगने, म्हणजे आजच्या एनटीएनने, सरळ खाचांतून गोळ्या सरकवणारा सांधा दिला. बाहेर सहा गोळ्यांचा सांधा आणि आत सरकणारा ट्रायपॉड, अशी जोडी तेव्हापासून जगभर स्थिरावली. बाहेरचा सांधा सुमारे ४७ अंशांपर्यंत वळतो, आतला साधारण त्याच्या निम्मा.

इटलीत दांते जाकोसाने आणखी एक बदल केला. १९६४ च्या आउटोबियांकी प्रिमुला आणि १९६९ च्या फियाट १२८ मध्ये गिअरबॉक्स आडव्या इंजिनाखाली न ठेवता त्याच्या टोकाला लावला. बनवायला आणि दुरुस्त करायला ही रचना सोपी, म्हणून होंडा, फोक्सवागन, सुझुकी सगळ्यांनी ती उचलली. पण यात डिफरन्शियल मध्यभागी येत नाही, एक दांडा आखूड आणि दुसरा लांब राहतो. लांब दांडा जास्त पिळला जातो, त्याला कंपने सोसावी लागतात, आणि जोरात उचल घेताना गाडी एका बाजूला ओढते.

भारतात ही रचना घरोघरी पोचली ती मारुती ८०० मुळे. मारुती उद्योगाची स्थापना १९८१ ची, सुझुकीशी करार १९८२ चा, आणि पहिल्या गाडीची किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. सुझुकी फ्रोंटे एसएस८० वर बेतलेली ही गाडी ७९६ सीसीची, तीन सिलिंडरांची, १२ इंची चाकांची. १९८६ मध्ये तिचे रूप बदलले, २०१० मध्ये मोठ्या शहरांतली विक्री थांबली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन संपले. तोवर देशात सुमारे २७ लाख गाड्या खपल्या होत्या. एवढ्या गाड्यांचे मिळून पन्नास लाखांहून अधिक एक्सल भारतीय रस्त्यांवर फिरले.

गॅरेजच्या दृष्टीने मारुतीने एक जुनी चाल मोडली. अ‍ॅम्बॅसेडर-फियाटच्या काळात ऑइलिंग-ग्रीसिंग हे सर्व्हिसिंगचे मुख्य अंग होते. गाडी रॅम्पवर चढे, पोऱ्या ग्रीसगन घेऊन एकेक निपल शोधून ग्रीस भरे, आणि त्या निमित्ताने गाडीचे पोट दर दोन-तीन महिन्यांनी कोणाच्या तरी नजरेखालून जाई. मारुतीच्या एक्सलला निपलच नव्हता. सांधा कारखान्यातून ग्रीस भरून बंद होऊन येई आणि बूट शाबूत असेतो त्याच्याकडे पाहायचे कारण नव्हते. पाहायचे कारण नसले की कोणी पाहत नाही. बूट चिरला तेव्हा तो दिसला नाही, आणि दिसला तो आवाज सुरू झाल्यावर. ग्रीसगनची सवय गेली त्या जागी बूट तपासण्याची सवय यायला हवी होती. अधिकृत सर्व्हिस स्टेशनच्या तपासणी यादीत ती आली, रस्त्याकडेच्या गॅरेजात बरीच उशिरा.

बूट का चिरतो, हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. मारुतीचे १२ इंची चाक एका किलोमीटरला साधारण सव्वासहाशे फेरे मारते. एक लाख किलोमीटरला ते सहा कोटींच्या वर जातात. वळणावर असताना प्रत्येक फेऱ्यात बुटाची प्रत्येक घडी एकदा दबते आणि एकदा ताणली जाते. त्यात हवेतला ओझोन, उन्हाचा ताप, गिअरबॉक्सची गरमी आणि ग्रीसमधले तेल यांनी रबर कडक होत जाते. पहिली चीर घडीच्या तळाशी पडते, वरून पाहिले तर दिसत नाही. कधी दोष बुटाचा नसतोच, त्याला आवळणारा पट्टा गंजून सैल झालेला असतो. चीर वाढली की फिरत्या सांध्यातले ग्रीस बाहेर उडते आणि रिमच्या आतल्या बाजूला, स्ट्रटवर, चाकाच्या कमानीत काळा चिकट पट्टा उमटतो. जाणता मेकॅनिक स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून आधी हा पट्टा शोधतो.

या अवस्थेत सांधा वाचतो. तो उतरवून रॉकेलात धुवावा, गोळ्या आणि खाचा पाहाव्यात, मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे काळे ग्रीस भरून नवा बूट चढवावा, की आणखी कित्येक वर्षे निघतात. बुटाची किंमत सांध्याच्या मानाने किरकोळ, मजुरी मात्र तेवढीच, कारण हब नट सोडवणे, खालचा बॉल जॉइंट काढणे आणि दांडा ओढून घेणे काही चुकत नाही. साधे चेसिस ग्रीस भरून पैसे वाचवण्याची युक्ती महागात पडते. गोळी आणि खाच यांच्यातला दाब त्याला सोसत नाही.

चीर तशीच राहिली तर पुढचे काम धूळ आणि पाणी करतात. कोकणातली तांबडी माती पावसात चाकाच्या कमानीत भरते, देशावर उन्हाळ्यात बारीक फुफाटा उडतो. ग्रीसमध्ये मिसळलेली ही रेव गोळ्या-खाचांना पॉलिश कागदासारखी घासते. पृष्ठभागाचा कठीण थर काही दशांश मिलिमीटर ते काही मिलिमीटर एवढाच असतो. तो फुटला की आतले मऊ पोलाद पटकन झिजते, खाचेत खळगे पडतात, आणि मोठ्या कोनात गोळी खळग्यावरून जाताना आवाज करते. कट-कट आवाज उचल घेत वळताना का येतो आणि सरळ जाताना का थांबतो, त्याचे कारण हे. बहुधा वळणाच्या बाहेरच्या बाजूचे चाक बोलते. मोकळ्या मैदानात गाडी दोन्हीकडे गोल फिरवून पाहण्याची पद्धत त्यावरूनच आली.

आतला ट्रायपॉड बिघडला तर लक्षण वेगळे. त्याच्या रोलरांनी कपात चर पाडले, की उचल घेताना गाडी डुलते किंवा थरथरते आणि पाय काढला की शांत होते. अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना ‘ठक्’ असा धक्का बसतो. हे इंजिनाच्या माउंटिंगचेही लक्षण असल्याने मेकॅनिक इथे सर्वात जास्त चुकतात, आणि चांगले माउंटिंग बदलले जाते. चाकाच्या बेअरिंगचा आवाज या दोहोंपासून वेगळा काढणे सोपे आहे. तो गुणगुणता असतो आणि वेगाबरोबर चढतो.

दुरुस्तीच्या धंद्याने आवाज करणाऱ्या सांध्याची एक पळवाट फार पूर्वी शोधली होती. गाडी आयुष्यातला बहुतेक वेळ पुढे जाते, म्हणून प्रत्येक खाचेची एकच बाजू झिजते. ज्या गाड्यांत डावे-उजवे बाहेरचे सांधे सारखेच असतात, तिथे ते अदलाबदल करून लावले, की भार न झिजलेल्या बाजूवर येतो आणि आवाज काही काळ बंद होतो. प्रामाणिक मेकॅनिक हे गिऱ्हाइकाला सांगून करतो. जुन्या गाड्यांच्या व्यापारात सांगितलेच जाईल असे नाही.

संपूर्ण एक्सल बदलायचा तर तीन वाटा असतात, कंपनीचा नवा, बाहेरच्या कारखान्याचा नवा, किंवा मोडीतल्या गाडीचा जुना. दिल्लीचे काश्मिरी गेट, मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ या बाजारांत तिन्ही मिळतात. १९८० च्या दशकात हे सांधे देशात बनू लागले, आणि बर्फील्डचा वारसा घेतलेल्या जीकेएन कंपनीचा कारखाना फरिदाबादला उभा राहिला. १९९३ ची झेन, १९९८ च्या अखेरीस पिंपरीतून आलेली टाटा इंडिका, त्याच वर्षीची सँट्रो, या सर्व पुढच्या चाकांच्या गाड्या. विशेषतः इंडिका डिझेल टॅक्सी म्हणून गावोगावी धावली आणि एक्सलचा खप खासगी गाड्यांच्या वेळापत्रकातून सुटला. दहा वर्षांत व्हायची झीज टॅक्सीने दोन-तीन वर्षांत केली. पंधरा वर्षांनी होणारे रीपासिंग आणि दिल्लीतली जुन्या गाड्यांवरची बंदी यांमुळे म्हाताऱ्या गाड्या तालुक्याच्या गावांकडे सरकतात. तिथे जुना एक्सल अजून सर्वात आधी विचारला जातो.

अमेरिकेत हा धंदा वेगळ्या वाटेने गेला. १९७३ च्या तेलसंकटानंतर तिथल्या कंपन्यांनीही छोट्या पुढच्या चाकांच्या गाड्या काढल्या, आणि १९८० च्या दशकात झिजलेले एक्सल गोळा करून पुन्हा बनवणारा मोठा उद्योग उभा राहिला. खाचा घासून थोड्या मोठ्या करायच्या आणि त्यांत थोड्या मोठ्या गोळ्या बसवायच्या, अशी ती पद्धत. जुना दांडा परत आणेपर्यंत दुकानदार ठेव धरून ठेवी. २००० नंतर चीनमधून आलेल्या स्वस्त नव्या एक्सलांनी हे काम मागे ढकलले. त्यांतला एकच नमुना कधी कधी अनेक मॉडेलांना बसेल असा केलेला असतो. दांड्याची जाडी, ताठरपणा आणि आतल्या सांध्याची सरक मूळ गाडीसारखी नसली की एक्सल नवा असूनही गाडी सिग्नलला उभी असताना थरथरते. बर्फाच्या प्रदेशात आणखी एक शत्रू असतो, रस्त्यावर टाकलेले मीठ. लांब दांड्यावर कंपन मारण्यासाठी बसवलेल्या रबरी वजनाखाली खारे पाणी साचते, दांडा तिथे गंजून बारीक होतो, आणि रँकिनने दाखवलेली भेग दीडशे वर्षांनंतर पुन्हा सुरू होते.

असा तुटलेला एक्सल गाडीला जागच्या जागी थांबवतो. गिअर पडतो, इंजिन फिरते, स्पीडोमीटरचा काटाही हलतो, पण गाडी हलत नाही, कारण साधा डिफरन्शियल सगळी हालचाल तुटलेल्या बाजूच्या मोकळ्या तुकड्याकडे सोडून देतो. याच कारणाने तुटलेल्या एक्सलची गाडी उतारावर गिअरमध्ये किंवा ऑटोमॅटिकच्या ‘पार्क’मध्ये ठेवली तरी घरंगळते. हँडब्रेक आणि चाकाखालचा दगड एवढेच तिला धरतात. झिजलेला सांधा पूर्ण सुटून येण्याआधी आठवडे-महिने आवाज देतो, म्हणून असा प्रसंग येतो तो बहुधा आवाजाची सवय झालेल्या मालकावर.

१९८० च्या दशकानंतर बाहेरच्या सांध्याच्या बुटासाठी निओप्रीन रबराच्या जागी थर्मोप्लास्टिक आले. ते कडक असते, घासले तरी लवकर चिरत नाही, आणि आता गाडीच्या आयुष्याइतके टिकल्याची उदाहरणे सर्रास दिसतात. बाजारात स्वस्त मिळणारे बूट मात्र अजून पुष्कळदा साध्या रबराचेच असतात. त्यामुळे एकदा बदललेला बूट मूळ बुटापेक्षा लवकर फाटतो, आणि दोष सांध्याच्या माथी मारला जातो.

विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांतही दांडे, सांधे आणि बूट तेच आहेत, भार मात्र बदलला आहे. मोटर शून्य वेगापासूनच पूर्ण पीळ देते. पाय उचलताच ती जनरेटर होऊन चाकांना मागे खेचते, म्हणजे गोळ्या खाचेच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर दिवसातून शेकडो वेळा आदळतात. इंजिनाचा आवाज नसल्याने सांध्याची किरकोळ ढिलाईही आत बसलेल्याला ऐकू येते. पेट्रोल गाडीत खाचेची मागची बाजू जवळजवळ कोरी राहत असे, इथे दोन्ही बाजू झिजतात, आणि डावा-उजवा सांधा बदलून वेळ मारून नेण्याची जुनी युक्ती या गाड्यांत फारशी उपयोगी पडत नाही.